हेलिकॉप्टरची स्वयंचलित उड्डाण नियंत्रण प्रणाली

हेलिकॉप्टरची स्वयंचलित उड्डाण नियंत्रण प्रणाली ही हेलिकॉप्टरला हवेत स्थिर ठेवणारी आणि वैमानिकाने ठरवून दिलेली उंची, वेग, दिशा व मार्ग राखणारी यंत्रणा होय. व्यवहारात तिला ऑटोपायलट असे म्हटले जाते. विमानातील ऑटोपायलटचे मुख्य काम मार्ग राखणे हे असते. हेलिकॉप्टरमध्ये त्याआधी दुसरे काम करावे लागते, ते म्हणजे मुळात अस्थिर असलेल्या यंत्राला सावरून धरणे. 'आपोआप उडणारे हेलिकॉप्टर' हा वृत्तपत्रांतून रूढ झालेला अर्थ त्यामुळे बराचसा दिशाभूल करणारा आहे. या प्रणालीच्या प्रत्येक मोडमध्ये काही कामे यंत्राकडे आणि उरलेली माणसाकडे असतात. कोणते काम कोणाकडे आहे याचा विसर पडल्याने अपघात झालेले आहेत.

महाराष्ट्रात या प्रणालीचा सर्वाधिक संबंध येतो तो मुंबईतील जुहू विमानतळ आणि अरबी समुद्रातील मुंबई हाय तेलक्षेत्र यांच्या दरम्यान चालणाऱ्या हेलिकॉप्टर वाहतुकीत.

मूळ अडचण

विमानाला पंख व शेपूट असल्यामुळे हवेच्या झोताने ते थोडे कलले, तरी बहुधा आपोआप पूर्वस्थितीकडे येते. जागच्या जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी आहे. वाऱ्याच्या झुळकेने ते एका बाजूला सरकू लागले की रोटरची चकती उलट दिशेला कलते, हेलिकॉप्टर मागे येते, मूळ जागा ओलांडून पलीकडे जाते आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक झोका वाढत जातो. वैमानिकाने हात काढून घेतला तर काही सेकंदांतच ते आटोक्याबाहेर जाते. तळहातावर उभी तोललेली काठी जशी हात सतत हलता ठेवल्यावाचून उभी राहत नाही, तसाच हा प्रकार असतो.

त्यात भर पडते ती नियंत्रणांच्या परस्परगुंतवणुकीची. वर जाण्यासाठी शक्ती वाढवली की मुख्य रोटरच्या फिरण्याची प्रतिक्रिया म्हणून हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने वळू लागते. ते थांबवण्यासाठी शेपटीच्या रोटरचा जोर वाढवावा लागतो. या जोराने संपूर्ण हेलिकॉप्टर एका बाजूला ढकलले जाते म्हणून मुख्य रोटर थोडा कलवावा लागतो आणि तो कलवल्याने उंची किंचित घटते. धड कोणत्या बाजूस वळेल हेही रचनेनुसार बदलते. बहुतेक अमेरिकी हेलिकॉप्टरांचे रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, तर भारतात चेतक व चीता या नावांनी बनलेल्या मूळ फ्रेंच हेलिकॉप्टरांचे घड्याळाच्या दिशेने. एका प्रकारावर शिकलेल्या वैमानिकाच्या पायांना दुसऱ्या प्रकारावर नवी सवय लावून घ्यावी लागते.

वैमानिकाची नियंत्रणे

वैमानिकाच्या उजव्या हातात सायक्लिक दांडा असतो. तो ज्या बाजूस कलवावा त्या बाजूस हेलिकॉप्टर जाते. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह दांडा असतो. तो वर उचलला की सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर वर चढते. पायांखालच्या दोन पेडलांनी शेपटीच्या रोटरच्या पात्यांचा कोन बदलून नाकाची दिशा राखली जाते.

हे दांडे स्थिर आहेत आणि पाती फिरती आहेत. मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर मिनिटाला सुमारे ३०० ते ४०० फेरे घेतो. स्थिर दांड्याची हालचाल फिरत्या पात्यापर्यंत पोहोचवण्याचे काम स्वॅशप्लेट हा भाग करतो. रोटरच्या दंडाभोवती एकावर एक बसवलेल्या दोन तबकड्या, असे त्याचे स्वरूप असते. खालची तबकडी फिरत नाही, ती फक्त वर-खाली सरकते आणि कलते. वरची तबकडी रोटरबरोबर फिरते आणि खालचीचा कल जसाच्या तसा घेते. वरच्या तबकडीपासून प्रत्येक पात्यापर्यंत एक छोटा दुवा जातो. तबकडी कलली की एक फेरा पूर्ण होईपर्यंत प्रत्येक पात्याचा कोन एकदा वाढतो व एकदा कमी होतो. फिरत्या वस्तूवरील जोराचा परिणाम जवळजवळ पाव फेरा उशिरा दिसत असल्यामुळे, रोटर पुढे कलवायचा असेल तर पात्याचा कोन त्याआधी सुमारे ९० अंशांवर बदलावा लागतो. हा हिशेब जोडणीतच केलेला असतो. वैमानिकाला त्याचा विचार करावा लागत नाही.

लहान हेलिकॉप्टरांत हे सारे केवळ दांड्यांच्या व जोडसांध्यांच्या बळावर चालते. मोठ्या हेलिकॉप्टरांत पात्यांकडून येणारा जोर माणसाच्या हाताला न पेलणारा असल्याने मध्ये हायड्रॉलिक सर्व्हो बसवतात. एक हायड्रॉलिक मंडल निकामी झाले तरी दुसरे चालू राहावे म्हणून ती बहुधा दुहेरी असतात. ऑटोपायलट हात घालतो तो याच साखळीत.

स्थिरीकरण

प्रणालीची सर्वांत खालची पायरी म्हणजे स्थिरीकरण. जायरोस्कोप हेलिकॉप्टर कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने वळत आहे ते मोजतात. संगणक त्या गतीला विरोध करणारी आज्ञा काढतो आणि नियंत्रणदांड्यांच्या मार्गात बसवलेले छोटे विद्युत-प्रवर्तक आपली लांबी किंचित कमी-जास्त करून ती अमलात आणतात. हे सेकंदात अनेक वेळा घडते. या दुरुस्त्यांमुळे वैमानिकाच्या हातातील दांडा हलत नाही. त्याला फक्त हेलिकॉप्टर अंगाने जड व शांत झाल्यासारखे जाणवते.

या प्रवर्तकांना मुद्दाम फार थोडी मुभा दिलेली असते. नियंत्रणाच्या एकूण पल्ल्यापैकी सामान्यतः सुमारे दहा टक्क्यांच्या आतच ते ढवळाढवळ करू शकतात. यामागचा विचार साधा आहे. संगणक बिघडून प्रवर्तक एका टोकाला जाऊन अडकला, तरी वैमानिकाला दांड्याने त्यावर मात करता आली पाहिजे आणि बिघाड ध्यानात येईपर्यंतचे दोन-चार क्षण हेलिकॉप्टर सावरण्याजोग्या स्थितीत राहिले पाहिजे. जलद प्रवर्तकाला पल्ला कमी ठेवायचा आणि पूर्ण पल्ला असलेल्या प्रवर्तकाला गती कमी ठेवायची, अशी ही वाटणी आहे. दुसऱ्या प्रकारच्या प्रवर्तकाला ट्रिम प्रवर्तक म्हणतात. तो दांडाच हळूहळू सरकवतो. त्यामुळे छोट्या प्रवर्तकाला पुन्हा मधल्या स्थितीत येण्यास जागा मिळते आणि यंत्र काय करत आहे हे वैमानिकाच्या हातालाही कळते. बहुतेक प्रणालींत संगणकही दोन असतात. ते परस्परांची उत्तरे पडताळतात आणि तफावत आढळली की इशारा देतात.

ऑटोपायलटचे मोड

स्थिरीकरणाच्या वरची पायरी म्हणजे स्थिती राखणे. दांडा सोडून दिला तरी नाकाचा व बाजूंचा कल आहे तसा राहतो. त्यावर उंची, हवेतील वेग, दिशा, चढण्या-उतरण्याचा दर, उपग्रह-मार्गदर्शनाने आखलेला मार्ग आणि धावपट्टीकडे उतरण्याचा रेडिओ-मार्ग राखणारे मोड येतात. वैमानिक पटलावरील कळ दाबून ते निवडतो. निवडलेले मोड समोरच्या पडद्यावर लहान अक्षरांत दिसतात. या सर्व मोडांना सायक्लिक, पेडल व कलेक्टिव्ह यांतूनच काम करून घ्यावे लागते आणि येथेच तीन अक्षांचा व चार अक्षांचा ऑटोपायलट हा महत्त्वाचा भेद येतो.

तीन अक्षांचा ऑटोपायलट नाकाचा कल, बाजूंचा कल आणि दिशा एवढेच सांभाळतो. कलेक्टिव्ह, म्हणजे शक्ती, वैमानिकाच्या हातात राहते. चार अक्षांच्या प्रणालीत कलेक्टिव्हही संगणकाशी जोडलेला असतो. वेगाने जात असताना हा फरक फारसा जाणवत नाही. हेलिकॉप्टरचा वेग कमी होऊ लागला की मात्र तो जीवनमरणाचा ठरू शकतो. सर्वसाधारण हेलिकॉप्टरला सर्वांत कमी शक्ती साठ-सत्तर नॉट वेगाला लागते. त्याहून हळू उडायचे तर शक्ती कमी न लागता उलट वाढवावी लागते. तीन अक्षांच्या ऑटोपायलटला 'उतरण्याचा दर अमुक ठेव' असे सांगितले आणि कलेक्टिव्ह अपुरा राहिला, तर तो दर राखण्याचा एकच उपाय त्याच्यापाशी असतो. तो नाक वर उचलतो. त्याने वेग घटतो, वेग घटल्याने अधिक शक्ती लागते, ती मिळत नाही, म्हणून तो नाक आणखी उचलतो. दिलेली आज्ञा तो अखेरपर्यंत पाळत राहतो.

२३ ऑगस्ट २०१३ रोजी शेटलंड बेटांवरील संबर्ग विमानतळाकडे येणाऱ्या सुपर प्यूमा हेलिकॉप्टरच्या बाबतीत हेच घडले. उत्तर समुद्रातील तेल-कर्मचाऱ्यांना घेऊन ते ढगांतून उतरत होते. ऑटोपायलट तीन अक्षांवर व उतरण्याचा दर राखण्याच्या मोडमध्ये होता. वेग सांभाळण्यासाठी कलेक्टिव्ह वैमानिकांनी हलवायचा होता. वेग घटत ३५ नॉटच्याही खाली गेला तरी ते वेळीच ध्यानात आले नाही आणि हेलिकॉप्टर धावपट्टीच्या अलीकडे समुद्रात कोसळले. त्यातील १८ जणांपैकी चौघांचा मृत्यू झाला. ब्रिटिश चौकशी अहवालाने वैमानिकांची उपकरणांवरील नजर अपुरी पडल्याचे नोंदवले. प्रणाली बिघडलेली नव्हती, ही या घटनेतील सर्वांत बोधक बाब आहे.

समुद्रावर तरंगणे

पाण्यावर, तेही रात्री, जागच्या जागी तरंगणे हे माणसाच्या डोळ्यांना जवळजवळ अशक्य असे काम आहे. नजर टेकवायला स्थिर खूण नसते आणि लाटा व रोटरच्या झोताने उडणारे तुषार भलतीच हालचाल भासवतात. पाणबुड्या शोधणाऱ्या हेलिकॉप्टरांना मात्र सोनार यंत्र तारेने पाण्यात सोडून त्यावर बराच वेळ स्थिर राहावे लागते. हेलिकॉप्टर ऑटोपायलटचा विकास १९५० च्या दशकात ज्या गरजेने वेगाने झाला ती हीच.

या कामासाठी वेगाची मोजणी बदलावी लागते. हवेतील वेग मोजणारी नळी रोटरच्या झोतामुळे कमी वेगात विश्वसनीय राहत नाही. म्हणून डॉप्लर रडारने, आणि अलीकडे उपग्रह-मार्गदर्शन व जडत्वमापकांनी, पृष्ठभागाच्या संदर्भातील वेग मोजतात. उंचीसाठी रेडिओ अल्टिमीटर वापरतात. सी किंग या हेलिकॉप्टरात आणखी एक सोपी युक्ती होती. सोनार पाण्यात गेल्यावर त्याची तार उभ्या रेषेपासून किती कलली आहे ते मोजायचे आणि तार सरळ होईल असे हेलिकॉप्टर सरकवायचे. म्हणजे पाण्यात लोंबणारे सोनारच नांगर ठरते. भारतीय नौदलाने सी किंग हेलिकॉप्टरे १९७१ पासून घेतली. मुंबईत कुलाबा येथील आयएनएस शिक्रा या तळावरूनही ती अनेक वर्षे उडत राहिली.

इतिहास

विमानासाठीचा जायरोस्कोपवर आधारलेला स्वयंचालक लॉरेन्स स्पेरी यांनी १९१४ मध्ये पॅरिसजवळ उडवून दाखवला. त्या वेळी उपयोगी पडेल असे हेलिकॉप्टरच अस्तित्वात नव्हते. हेलिकॉप्टर स्थिर करण्याचा पहिला यशस्वी उपाय विजेवाचून चालणारा होता. अमेरिकेत आर्थर यंग यांनी पात्यांशी काटकोनात एक दांडी बसवली व तिच्या दोन्ही टोकांना वजने लावली. रोटरबरोबर फिरणारी ही दांडी जायरोस्कोपसारखी आपले प्रतल सोडत नाही. हेलिकॉप्टर कलले तरी दांडी क्षणभर जुन्याच प्रतलात फिरत राहते आणि दुव्यांमार्फत पात्यांचा कोन दुरुस्त करते. हाच स्थिरक दंड लावलेल्या बेल ४७ या हेलिकॉप्टरला ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. पुढे विद्युत जायरोस्कोप, मग ॲनालॉग व डिजिटल संगणक आले, तसा हा दंड मागे पडला. खेळण्यातील काही छोट्या हेलिकॉप्टरांवर तो अजूनही पाहता येतो.

महाराष्ट्रातील वापर

मुंबई हाय तेलक्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील या क्षेत्रातील फलाटांवर कर्मचारी पोहोचवण्याचे मुख्य साधन हेलिकॉप्टर आहे. या वाहतुकीची गरज हे पवनहंस या सरकारी कंपनीच्या १९८५ मधील स्थापनेमागील एक प्रमुख कारण होते. तिने सुरुवातीपासून फ्रेंच बनावटीची डॉफिन हेलिकॉप्टरे वापरली.

या मार्गावरील उड्डाण कागदावर सोपे दिसते, कारण मध्ये ना डोंगर ना विजेच्या तारा. पावसाळ्यात मात्र आकाश व समुद्र एकाच करड्या रंगाचे होतात आणि क्षितिज नाहीसे होते. क्षितिज दिसेनासे झाल्यावर माणसाच्या कानातील तोलेंद्रिय खोटी साक्ष देऊ लागते. सावकाश वळत असलेले हेलिकॉप्टर सरळ जात असल्याची वैमानिकाची खात्री होते. अशा वेळी स्थिती राखणारा ऑटोपायलट हा सोयीपेक्षा आधार अधिक असतो. उड्डाणाचा शेवटचा टप्पा पुन्हा हातानेच करावा लागतो. तेलफलाटावरचा हेलिपॅड लहान असतो, भोवती क्रेन व मनोरे असतात आणि तेथवर नेऊन उतरवणारा धावपट्टीसारखा रेडिओ-मार्ग नसतो. उपकरणांवरून नजर काढून ती बाहेरच्या दिव्यांवर नेण्याचा हा क्षण, विशेषतः रात्री, सर्वांत नाजूक मानला जातो.

मुंबईलगतच्या समुद्राने या वाहतुकीची मोठी किंमत घेतली आहे. ११ ऑगस्ट २००३ रोजी तेल-कर्मचाऱ्यांना नेणारे एमआय-१७२ हेलिकॉप्टर कोसळून २७ जण मृत्युमुखी पडले. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी रात्रीच्या सरावाच्या वेळी पवनहंसचे डॉफिन समुद्रात पडून दोन्ही वैमानिक दगावले. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले डॉफिन किनाऱ्यापासून काही अंतरावर कोसळले. त्यात ओएनजीसीचे पाच अधिकारी व दोन वैमानिक अशा सातही जणांचा अंत झाला. २८ जून २०२२ रोजी नऊ जणांना घेऊन जाणारे सिकोर्स्की एस-७६डी हे हेलिकॉप्टर सागर किरण या फलाटाजवळ पाण्यात उतरले आणि चौघांचा मृत्यू झाला. एस-७६डी चार अक्षांच्या ऑटोपायलटने युक्त असलेल्या नव्या पिढीतील हेलिकॉप्टर आहे. या घटनांची कारणे एकसारखी नाहीत, तेव्हा त्यांना ऑटोपायलटच्या एकाच सूत्रात बांधणे योग्य होणार नाही.

याच्या अगदी उलट चित्र सैनिकी हेलिकॉप्टरांत दिसते. नाशिकरोड येथील लष्कराच्या हवाई प्रशिक्षण विद्यालयात शिकणाऱ्या वैमानिकांनी वर्षानुवर्षे चेतक व चीता हेलिकॉप्टरांवर धडे घेतले. १९५० च्या दशकातील फ्रेंच रचनांतून विकसित झालेल्या या हेलिकॉप्टरांत ऑटोपायलट नाही. तोल राखण्याचे सर्व काम माणसाचे हातपायच करतात. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यात काही गुण असला, तरी हिमालयातील खराब हवामानात तीच हेलिकॉप्टरे चालवावी लागणे ही वैमानिकांवर लादलेली जोखीम आहे, अशी टीका वारंवार झाली आहे.

ग्रामीण महाराष्ट्राला हेलिकॉप्टर दिसते ते प्रामुख्याने निवडणुकीच्या प्रचारात किंवा पुढाऱ्यांच्या दौऱ्यात. सोलापूर जिल्ह्यासारख्या कोरड्या भागात शेतात आखलेल्या तात्पुरत्या हेलिपॅडवर आधी टँकरने पाणी मारतात. त्याचे कारणही वर सांगितलेलेच आहे. उतरताना उठणाऱ्या धुळीने वैमानिकाचे क्षितिज हरवते. जमिनीलगत तरंगण्याचा मोड सर्वच हेलिकॉप्टरांत नसतो, त्यामुळे धूळ उठूच न देणे हा अधिक खात्रीचा उपाय ठरतो.

यांत्रिक साखळीतील बिघाड

ऑटोपायलटच्या आज्ञा अखेर धातूच्या दांड्यांतून व स्वॅशप्लेटमधूनच पात्यांपर्यंत जातात. हा दुवा तुटला तर संगणक व वैमानिक दोघेही सारखेच निरुपाय होतात. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ध्रुव हे हेलिकॉप्टर २० ऑगस्ट १९९२ रोजी प्रथम उडाले. त्यात चार अक्षांची स्वयंचलित प्रणाली आहे. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाच्या ध्रुवची शक्ती व उंची मुंबईच्या किनाऱ्याजवळ अचानक घटली. वैमानिकांनी ते पाण्यावर उतरवले आणि तिघांचीही सुटका झाली. त्यानंतर ध्रुवच्या नियंत्रणदांड्यांची तपासणी होऊन ॲल्युमिनियमच्या जागी पोलादी दांडे बसवण्याचे काम हाती घेण्यात आले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तपासात त्याच्या स्वॅशप्लेटला तडा गेल्याचे आढळले आणि देशातील तीनशेहून अधिक ध्रुव हेलिकॉप्टरांची उड्डाणे काही महिने थांबवण्यात आली.

विद्युत-आज्ञा नियंत्रण व मानवरहित उड्डाण

नव्या पिढीत दांडे व तारांऐवजी वैमानिकाची आज्ञा विद्युत-संकेताने सर्व्होपर्यंत जाते. युरोपीय एनएच९० हे अशा पद्धतीचे पहिले मालिका-उत्पादित हेलिकॉप्टर होय. त्याचे पहिले उड्डाण १८ डिसेंबर १९९५ रोजी झाले. अशा प्रणालीत स्थिरीकरणाला दहा टक्क्यांची मर्यादा उरत नाही, कारण सर्वच आज्ञा संगणकातून जातात. त्यामुळे संगणकाची विश्वसनीयता हाच सुरक्षिततेचा पाया ठरतो. अमेरिकेत बेल ५२५ या हेलिकॉप्टरचा नमुना ६ जुलै २०१६ रोजी चाचणीत तुटून पडला व दोन्ही वैमानिक ठार झाले. हेलिकॉप्टरच्या कंपनाने वैमानिकाचा हात थरथरत होता, हाताने दांडा हलत होता आणि प्रणाली ती हालचाल आज्ञा समजून कंपन वाढवत होती, असे चौकशीत दिसून आले.

५ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेत ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आत कोणीही नसताना संगणकाच्या आधारे उडवण्यात आले. त्याआधी १९ एप्रिल २०२१ रोजी इन्जेन्युइटी हे छोटे हेलिकॉप्टर मंगळावर उडाले होते. पृथ्वीवरून संदेश पोहोचायला कित्येक मिनिटे लागत असल्याने त्याला संपूर्णतः स्वतःच्या प्रणालीवर विसंबावे लागले. २२ मे २०२१ च्या सहाव्या उड्डाणात त्याच्या खालच्या कॅमेऱ्याचे एक छायाचित्र गळाले. पुढच्या प्रत्येक छायाचित्राची वेळ चुकीची नोंदली गेली, आपण कोठे आहोत याचा प्रणालीचा अंदाज सतत चुकू लागला आणि ते हवेत झोके घेऊ लागले. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची तरतूद आधीच केलेली असल्यामुळे ते ठरलेल्या जागेपासून काही मीटरवर सुखरूप उतरले. १८ जानेवारी २०२४ पर्यंत त्याने एकूण ७२ उड्डाणे केली.